मृगापूर्वी: वाडीच्या वरच्या माती धरणाची तयारी

पाऊस सुरू होण्याच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीने आणि आपत्ती व्यवस्थापन समितीने पहिल्यांदा आपले धरण कोणत्या वर्गात मोडते हे लेखी मागून घ्यावे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ प्रमाणे १५ मीटरपेक्षा उंच धरणे, तसेच १० ते १५ मीटर उंचीची परंतु ५०० मीटर लांबी किंवा दहा लाख घनमीटर साठा अशांपैकी एखादी अट पुरी करणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात, आणि त्यांची पावसाळ्याआधी व नंतर तपासणी बंधनकारक आहे. त्याहून लहान बंधारे सुटतात. मात्र उंची आणि साठा यांवरून ठरलेला वर्ग वेगळा आणि धरण फुटल्यास खाली किती जीव जातील यावरून ठरणारा धोक्याचा वर्ग वेगळा. धरणाची आजची अवस्था ही तिसरीच गोष्ट. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हा, मोठ्या धरणांच्या मानाने साठा किरकोळ असूनही, भेंदवाडीतील झोपेच्या तयारीतली माणसे वाहून गेली. म्हणून बांध बांधल्यानंतर पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी नवी घरे, अंगणवाडी किंवा साकव झाला असेल, तर धोक्याचा वर्ग बदलून मागणे हे तयारीतले पहिले काम समजावे.

त्यानंतर सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, पाहावा. माती धरणे बहुतेक वेळा माथ्यावरून पाणी गेल्याने किंवा आतून माती वाहून गेल्याने फुटतात, आणि पहिल्या कारणावरचा उपाय जवळजवळ पूर्णपणे सांडव्याच्या हाती असतो. त्यातील दरडीचे दगड, झुडपे, मासे धरण्याची जाळी काढावीत. जास्त पाणी अडावे म्हणून कोणी फळ्या किंवा वाळूच्या गोण्या लावल्या असतील तर त्या निःसंकोच काढायला लावाव्यात. बांधाचा माथा कोठे खचला आहे का, हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासावे, कारण पुराचे पाणी ओलांडण्यासाठी नेमकी तीच खोलगट जागा शोधते.

पाझराच्या बाबतीत सर्वांत अधिक सावध असावे. पायथ्याच्या गाळणीतून (पाझर बाहेर सोडणाऱ्या वाळू-खडीच्या थरातून) येणारे स्वच्छ, एकसारखे पाणी अपेक्षितच असते. तेच पाणी गढूळ झाले, जलाशयाची पातळी न वाढता त्याचा जोर वाढला, किंवा विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडण्याच्या) नळाच्या कडेने नवा झरा फुटला, तर आतली माती निघू लागली असे धरावे. एका ठराविक बादलीला भरायला किती सेकंद लागतात हे दर आठवड्याला वहीत लिहिल्यास हा बदल नजरेतून सुटत नाही. भेगा, फुगवटे, खेकड्यांची व उंदरांची बिळे यांची जागा खुणेने दाखवून फोटोसह कळवावी. बांधावरचे मोठे झाड मात्र मे अखेरीस मुळासकट उपटू नये; त्या खड्ड्यात नीट दाबून माती भरायला वेळ उरत नाही, ते काम दिवाळीनंतरचे आहे.

तक्रार तोंडी देऊन थांबू नये. ती लेखी देऊन पोच घ्यावी आणि प्रत तहसील कार्यालयाकडे पाठवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. अतिवृष्टीच्या रात्री बांधावर पाळीने दोघांनी एकत्र जावे. मोबाईलची रेंज नेमकी तेव्हा जाते, म्हणून देवळाची घंटा किंवा भोंगा हा इशारा ठरवावा, आणि सड्याकडे (वरच्या पठाराकडे) जाणारी, पऱ्या न ओलांडणारी वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांसह एकदा अंधारात चालून पाहावी. गुरे सोडण्याची जबाबदारी आधीच नेमून द्यावी, कारण ती सोडवायला परत फिरणारी माणसेच पाण्यात सापडतात.