न्हावाशेवाचं बिल पुण्यात बसून फुगतं: या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराचा परदेशातून पहिला कंटेनर न्हावाशेवा बंदरात येतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष कस्टम ड्युटीवर असतं. ड्युटी तर भरावीच लागते. वाचवता येण्यासारखा पैसा जातो तो भाड्यात.

सगळ्यात महाग पडते ती डिमरेज आणि डिटेन्शन एकच समजण्याची चूक. माल बंदरात पडून राहिला की जागेचं भाडं लागतं, ते डिमरेज. सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) हलवला तर तिथे ग्राउंड रेंट. डिटेन्शन मात्र शिपिंग लाइन लावते, तिचा डबा तुम्ही अडवल्याबद्दल. डबा कारखान्याच्या गेटात आला की सुटलो असं वाटतं, पण रिकामा होऊन लाइनच्या यार्डात परत जाईपर्यंत मोजणी चालूच असते. आमचा कंटेनर शुक्रवारी आला, क्रेन मिळाली सोमवारी. रविवारही धरला गेला! म्हणून ट्रेलर निघण्याआधी क्रेन आणि माणसं ठरवा. रिकामा डबा कुठल्या यार्डात लावायचा, पुण्याजवळ चालेल का, हेही आधीच विचारून घ्या.

फ्री डेज, म्हणजे भाडं न लागणारे दिवस, वाढवून मागायचे ते बुकिंगच्या वेळी, पुरवठादारामार्फत आणि लेखी. जहाज सुटल्यावर कुणी दाद देत नाही.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे करायची आयातीची नोंद, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला की पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. सहा दिवसांत ४५,००० गेले! मूळ बिल ऑफ लेडिंग (शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती) बँकेत अडकलंय म्हणून बरेच जण थांबतात. ते डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, लाइनची माल सोडण्याची चिठ्ठी) सोडवताना लागतं. बिल ऑफ एंट्रीसाठी सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाला) त्याची प्रत, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवून द्या.

‘सीआयएफ’ भावात सगळं आलं, हाही गैरसमजच. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा विकणाऱ्याचा. इथला टीएचसी (टर्मिनलवर डबा हाताळण्याचा आकार), डीओचा खर्च बहुधा तुमच्याच माथी.

डिमरेज-डिटेन्शनचं बिल आधीच आलं असेल तर तारखांसकट तपशील मागा: जहाज कधी लागलं, डबा कधी बाहेर पडला, रिकामा कधी परत गेला. दिवस स्वतः मोजा. माल कस्टमने अडवून ठेवला होता का? तसं असेल तर कस्टमकडून तेवढ्या दिवसांचा दाखला घ्या. अशा मालावर भाडं लावू नये, अशी तरतूद २००९च्या कार्गो हाताळणी नियमांत आहे. त्यावर वाद होतो, पण तो दाखल्याशिवाय सुरूसुद्धा करता येत नाही.