दर महिन्याचा औषधांचा खर्च कसा कमी करावा?

सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात, मेडिकलचं बिल मात्र दर महिन्याला. मग हात आखडला की घरातलं म्हातारं माणूस कुणाला न सांगता बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतं. ती वेळ येऊ देऊ नका.

आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं परातीत ओता. कंपनीनं दिलेलं नाव सोडा. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन असं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम शोधून वहीत उतरवा. माझ्या आईच्या पिशवीत दोन पाकिटं निघाली. रंग वेगळे, नावं वेगळी, आत औषध एकच! एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं लातूरच्या. ती दोन्ही घेत होती. चक्कर येते म्हणायची, तर आम्ही उन्हाला दोष द्यायचो. असं काही सापडलं तर मनानं गोळी बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

वही दवाखान्यात न्या. "यातली कोणती आता लागत नाही?" हे विचाराच. औषध मूळ नावानं, वाचता येईल असं लिहून द्यावं, असं वैद्यक परिषदेच्या नियमात 2016 पासून आहे. तेव्हा तसं मागायला संकोच नको.

चिठ्ठी घेऊन पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथं मिळतात, पण कधी साठा संपलेला असतो. म्हणून घरातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जा.

तिथं नसेल तर जनऔषधी केंद्र. तिथली औषधं कंपनीच्या नावाच्या औषधांपेक्षा साधारण 50 ते 90 टक्के स्वस्त असतात. 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतात. घेताना नाव, मिलिग्रॅम आणि पुढची एसआर, ईआर ही अक्षरंसुद्धा जुळवा. ही अक्षरं असलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते, साधी तिच्या जागी चालत नाही.

थायरॉइड, फिट आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. त्यांत थोडा फरकही बाधतो.

नवीन औषध सुरू झालं तर पहिल्यांदा दहाच दिवसांचं विकत घ्या, आणि पक्कं बिल मागून त्याच वहीत ठेवा.