निंबोळी अर्क वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

‘निंबोळी अर्क फवारला, पण कीड गेलीच नाही’ ही तक्रार बांधावर वारंवार ऐकू येते. दोष बहुधा कडुनिंबाचा नसतो. जुन्या जाणत्यांकडून अर्काचे नाव आपल्यापर्यंत आले, पण निंबोळी वेचण्यापासून फवारणीपर्यंतची शिस्त मध्येच सुटली.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक साठवणुकीत होते. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गरासकट ओल्याच पोत्यात भरल्या, तर त्या तापतात, त्यांवर बुरशी चढते आणि आतला गाभा काळा पडतो. गर चोळून धुऊन, बिया सावलीत खडखडीत वाळवाव्यात आणि हवा खेळेल अशा गोणपाटात ठेवाव्यात. वापरण्यापूर्वी मूठभर बिया फोडून पाहाव्यात. हिरवट, कडू वासाचा गाभा चांगला. काळपट किंवा कुबट वासाचा असेल, तर ते बी अर्कासाठी घेऊ नये.

अर्क लवकर व्हावा म्हणून कित्येक जण बियांची भुकटी उकळतात. किडींवर काम करणारा अझाडिरॅक्टिन हा घटक उष्णतेने आणि उन्हाने नष्ट होतो, त्यामुळे गार पाणीच वापरावे. पाच टक्के अर्कासाठी 5 किलो भुकटी 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि सकाळी ढवळून फडक्यातून गाळावी. नंतर 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणचुरा त्यात मिसळून एकूण द्रावण 100 लिटर करावे. साबणामुळे द्रावण पानावर पसरते. तो वगळल्यास थेंब ओघळून जातात. नीट न गाळल्यास नोझल तुंबते, हे वेगळे सांगायला नको.

तयार अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूलाही फवारावा.

फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या शोधणे हीदेखील चूकच आहे. हा अर्क अळीचे खाणे थांबवतो आणि तिला कात टाकू देत नाही, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तोवर घाईने विषारी औषध मारले, तर मावा खाणारे ढालकिडेही मरतात. अळ्या लहान असतानाच अर्क लागू पडतो. मोठ्या झालेल्या बोंडअळीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.