सुई जिथे थांबली तिथून: सुट्टीत अर्धवट गोधडी पुरी करताना

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून तीन अर्धवट गोधड्या निघाल्या. एक सासूबाईंनी शिवायला घेतलेली, एक माझी, आणि तिसरी कुणाची ते घरात कुणालाच सांगता येईना. सोलापुरात हे काही नवल नाही. मराठी घरात तिला गोधडी नाहीतर वाकळ म्हणतात, कन्नड घरात कौदी, तेलुगू घरात बोंत; पण पेटीत अर्धवट पडून राहण्यात तिघी सख्ख्या बहिणी.

‘वेळच मिळत नाही’ असे आपण म्हणतो. मीही बारा वर्षे म्हटले. पण तिन्ही गोधड्या जमिनीवर पसरल्या तेव्हा दिसले, की प्रत्येकीची सुई एका ठरावीक अडचणीपाशी थांबली होती. एकीच्या मधोमध फुगा आला होता, दुसरीचे खालचे कापड सरकले होते, तिसरीचा दोरा संपला होता आणि तसा रंग पुन्हा मिळाला नव्हता. ती जागा आणि ते कारण सापडले, की उरलेले काम म्हणजे नुसता धावदोरा, साधा सरळ टाका. म्हणून पहिली पायरी शिवण्याची नाहीच.

आधी लोहचुंबक, मग ऊन

गोधडी झटकू नका. जुन्या स्पीकरमधले किंवा फ्रिजवर चिकटवायचे चुंबक घ्या आणि दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा. काम अर्धवट टाकणारी बाई सुई कापडातच खोचून उठते, ‘आलेच’ म्हणून. माझ्या गोधडीत दोन निघाल्या, एक पार गंजलेली. आणि जिथे सुई निघाली, तिथेच माझे काम थांबले होते. गंजाचा डाग असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग नुसत्या पाण्याने पुसा. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा, रंग जातो का ते कळते.

मग दोन दिवस गच्चीवर. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे ऊन स्वच्छ असते, पावसाची ओल गेलेली असते. दुपारी बारानंतर मात्र रंगीत बाजू खाली करा. अर्धवट गोधडी धुण्याचा मोह अजिबात नको. मधले थर सुटे असतात. पाणी लागले की ते गोळा होऊन एका कडेला बसतात आणि मग सगळीच उसवावी लागते. वास येत असेल तर आणखी दोन दिवस ऊन द्या.

कापडात जीव आहे का, ते पाहा

दोन्ही अंगठे कापडावर जवळजवळ ठेवून हलके ताणा. आवाज न करता ताणले गेले तर ठीक. ‘चर्र’ झाले तर तो तुकडा गेला. एखाददुसरा तुकडा असेल तर वरून ठिगळ लावता येते, गोधडीला ठिगळाची लाज नसते. पण सगळीकडे चर्र होत असेल तर ती गोधडी पुरी करण्यात अर्थ नाही. सासूबाईंची तशीच निघाली. मी तिचा मधला चांगला भाग कापून बाळासाठी साधारण ९० सेंटिमीटरचे चौकोनी दुपटे केले, आणि बाकीचे दुसरीच्या पोटात घातले. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपटे हातात घेऊन बघत बसले होते.

एकाहून जास्त अर्धवट असतील तर एकच निवडा. सगळ्यांत जुनी नको आणि सगळ्यांत सुंदरही नको, जी सगळ्यांत जास्त झाली आहे ती. बाकीच्या परत पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून.

हिशेब तासांत करा

‘या सुट्टीत संपवीन’ असे म्हणून काहीच संपत नाही. ओळी मोजा. एका माणसाची गोधडी दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब धरा. लांबीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घातला तर ७५ ओळी होतात, म्हणजे दीडशे मीटरहून जास्त शिवण. निम्मी आधीच झाली असेल तर उरल्या ३८ ओळी. माझ्या हाताला एका ओळीला वीस मिनिटे लागतात; तुम्ही एक ओळ घड्याळ लावून शिवून पाहा. माझ्या हिशेबाने पावणेतेरा तास होतात. रोज एक तास म्हणजे तेरा दिवस. दिवाळीच्या सुट्टीत बसते, पण फराळाचे आणि पाहुण्यांचे दिवस वजा केले तर नाही बसत.

म्हणून मी दिवाळीची मुदत धरत नाही, सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या जानेवारीतल्या यात्रेची धरते. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, त्याआधी गोधडी पुरी. पाडव्यापासून तोवर दोन ते पावणेतीन महिने मिळतात, मध्ये नाताळची सुट्टीही येते. शिवाय आपली थंडी ती काय, पहाटेपुरती. जी काही असते ती तेव्हाच असते. गोधडी मार्चमध्ये पुरी झाली तर ती थेट पेटीत जाते.

दोऱ्याचाही हिशेब याच ओळींवरून करा. ३८ ओळींना एकेरी जाड सुती दोरा नव्वद-पंच्याण्णव मीटर लागतो, म्हणजे शंभर मीटरचे रीळ जेमतेम पुरते. दुहेरी ओवणार असाल तर दोन रिळे, आणि दोन्ही एकाच वेळी आणा. पुढच्या वेळी त्याच नंबरचा रंगही थोडा वेगळा निघतो. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, पण जुन्या लुगड्याला तो सुरीसारखा कापतो.

अडलेली जागा सोडवणे

या पायरीला घाई केली तर सगळेच वाया जाते.

*मधला फुगा.* बऱ्याच जणी कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत आत येतात. प्रत्येक फेरीला वरचे कापड अर्धा-एक दोरा पुढे ढकलले जाते आणि सगळी ढिलाई शेवटी मधोमध साठते. मग तिथे पोट येते आणि बाई गोधडी गुंडाळून ठेवते. उपाय असा: आतल्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उसवा. गोधडी जमिनीवर सपाट पसरा, तळव्याने मधून बाहेरच्या बाजूला कापड सारत जा. मग मधल्या बिंदूपासून चारी दिशांना, अधिकच्या चिन्हासारखा, बोटभर लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाला. तिरप्या दोन ओळीही घाला. आता उरलेली फेरी बाहेरून आत न घालता आतून बाहेर घाला. तरीही थोडी ढिलाई उरली तर छोटी चुणी घेऊन वर एक ठिगळ लावून टाका. शेजारच्या अक्का तिथे नेहमी लाल खणाचा चौकोन लावतात. बघणाऱ्याला वाटते नक्षी आहे.

*सरकलेले अस्तर.* एका बाजूला अस्तर संपते आणि वरचे कापड चार बोटे पुढे येते. ओढून बसवू नका, दुसऱ्या बाजूला सुरकुत्या पडतील. कमी पडलेल्या बाजूला अस्तराला तेवढी पट्टी जोडा. ती मागच्या बाजूला असते, कुणी बघत नाही, आणि बघितले तर बघू दे.

*दोरा जुळत नाही.* जुन्या दोऱ्याचा रंग उडालेला असतो, त्यामुळे नवा हुबेहूब मिळणारच नाही. नव्या पेठेत तीन दुकाने पालथी घालून मी तो नाद सोडला. जवळचा रंग शोधला तर चूक वाटते. सरळ वेगळा घेतला तर मुद्दाम केल्यासारखे दिसते. मी हळदी रंगाच्या जागी गडद निळा घेतला. जुने टाके कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले ते आता आंधळ्यालाही कळेल, आणि मला ते आवडते.

जुना दोरा जिथे संपतो तिथे गाठीला गाठ जोडू नका, जुनी गाठ कुजलेली असते. नवा दोरा पाच सेंटिमीटर मागून, जुन्याच टाक्यांवरून घालत या. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या.

पोटात काय घालावे

मधला थर कमी पडला तर सोलापुरात सल्ला मिळतो, ‘जुनी चादर घाल की.’ घाला, पण झिजलेली. आपली सोलापुरी चादर जाड सुताची, घट्ट विणीची. नव्या चादरीतून सुई काढताना बोटे सोलतात आणि गोधडी इतकी जड होते की धुतल्यावर दोघांना उचलावी लागते. टॉवेलचे कटपीस स्वस्त मिळतात, पण टॉवेल पाणी धरून ठेवतो. आतल्या आत ओल राहिली की वास येतो. सगळ्यांत उत्तम म्हणजे सुती साडी किंवा धोतर, चार-पाचदा धुतलेले. नवे कापड वापरायचेच असेल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड फुगून येते.

रोजचे बसणे

सकाळच्या उजेडात बसा, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. मी लांब हातभर दोरा ओवते, जास्त नाही; त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि वाचवलेला वेळ गुंता सोडवण्यात जातो. दोरा एकदा मेणावरून ओढून घेतला तर पीळ कमी पडतो. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, सवय नसेल तरी घाला. दाभण मात्र नको, त्याने पडलेली भोके बुजत नाहीत. आणि चकलीचा घाणा टाकून तसेच उठून शिवायला बसू नका. तेलाचा एक डाग पडला तर गोधडीला त्या दिवाळीची आठवण कायमची राहील, पण नको तशी.

दिवाळीचा खरा फायदा वेगळाच आहे: माहेरपणाला आलेल्या नणंदा, बहिणी. चौघी चार बाजूंना बसल्या तर एका दुपारी दहा-बारा ओळी होतात. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, एकीचा तांदळाएवढा तर दुसरीचा शेंगदाण्याएवढा. नंतर उसवून एकसारखे करायला जाऊ नका. ते कळले तर पुढच्या दिवाळीला कुणी सुई धरणार नाही. मुलांना सुया ओवून ठेवायचे काम द्या. दहा सुया एका उशीवर ओवलेल्या असल्या की चाळिशीतल्या डोळ्यांचा अर्धा त्रास कमी होतो. संध्याकाळी सुया मोजून डबीत टाका.

उठताना ओळीच्या मध्ये थांबा, ओळ संपवून उठू नका. अर्धी ओळ दिसली की दुसऱ्या दिवशी हात आपोआप जातो.

काठ आणि कोपरे

शेवटच्या ओळीनंतर गोधडी पुरी झाल्यासारखी वाटते आणि गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायचा राहतो, तो राहतोच. तेव्हा गोटाचे कापड आधीच कापून ठेवा. आपल्या मापाच्या गोधडीचा घेर सव्वासात मीटर भरतो. साडेपाच मीटरच्या जुन्या इरकल साडीचे दोन्ही काठ काढले तर अकरा मीटर मिळतात, म्हणजे कोपरे दुमडूनही उरते. काठ विरला असेल तर सहा सेंटिमीटर रुंदीच्या सरळ पट्ट्या काढा. कडा सरळ आहेत, तिरपा काप लागत नाही. हा एवढा भाग मशीनवर केला तरी चालतो. १८ नंबरची सुई लावा आणि चाक हाताने फिरवत कोपरे ओलांडा, नाहीतर सुई मोडते. धावदोऱ्याला मात्र मशीन लावू नका, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते.

कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळ द्या. झटकताना, वाळत घालताना सगळा ताण तिथेच येतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका आपल्या कवंदीच्या (त्यांच्या गोधडीच्या) चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. त्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. मी तीन कोपऱ्यांना इरकलीचे त्रिकोण लावले, चौथ्याला काठ पुरला नाही म्हणून मुलाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा लावला. तो रात्री त्यात चॉकलेटचे कागद ठेवतो.

पहिले धुणे

पुन्हा एकदा चुंबक फिरवा, कच्चे दोरे ओढून काढा, आणि मगच पाणी. गार पाणी, थोडा साबण, पायाने हलके तुडवायचे, पिळायचे नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशीच हे काम काढा, कारण खळबळायला चार-पाच बादल्या लागतात आणि साठवणीच्या पाण्यात घरातले वाटेकरी बरेच असतात. एका दोरीवर लटकवली तर ओल्या वजनाने गोधडी लांबट होते. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा आणि त्यांवर आडवी टाका, नाहीतर बाजेवर पसरा. दुपारी उलटी करा. वरून वाळली तरी मधला थर ओला असतो. घडीत हात घालून गार लागते का ते बघा, लागले तर आणखी एक दिवस ऊन द्या.