बगॅसवर पीएचडी करताय? या चुका टाळा

एप्रिल महिना, गाळप हंगामाचे शेवटचे दिवस. ओळखीच्या ओळखीनं एका साखर कारखान्यातून दोन पोती बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, मिळाला. गाडीच्या टपावर बांधून पुण्याला आणला, लॅबमागच्या व्हरांड्यात ठेवला आणि मी कोर्सवर्कच्या परीक्षेला लागले. जूनमध्ये पोतं सोडलं तर आंबूस वास, आत काळपट गोळे, वर पांढरी बुरशी. दोन्ही पोती टाकून दिली. पुढचा बगॅस नोव्हेंबरमध्ये, कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर. पाच महिने मी इतरांचे पेपर वाचत बसले.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे. बगॅसवाल्यांनी तिचा अर्थ सहा हंगाम असा घ्यावा.

मिलमधून बाहेर पडताना बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, वर दोन-तीन टक्के साखर राहिलेली असते. बुरशीला आणखी काय हवं? आणल्या दिवशीच कोमट पाण्यानं गोडवा जाईपर्यंत धुवा, ताडपत्रीवर पातळ पसरून खडखडीत वाळवा आणि मगच पिशव्यांत बंद करा. बुरशी लागलेला बगॅस झटकत बसू नका. त्या धुळीनं बगॅसोसिस नावाचा फुफ्फुसांचा आजार होतो. मास्क लावा, आणि तसला माल सरळ टाकून द्या.

'फुकटचा कचरा' म्हणून सुरुवात करणं

सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात हमखास एक वाक्य असतं: बगॅस हा टाकाऊ पदार्थ असून त्याची विल्हेवाट ही मोठी समस्या आहे. कारखान्यात हे वाचून दाखवा, लोक हसतील. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, सहवीजनिर्मिती होते आणि उरलेला विकला जातो. त्याला मालक आहे, दर आहे. तेव्हा प्रश्न असा मांडा: जाळून मिळणाऱ्या किमतीपेक्षा यातून जास्त काय निघेल? हा प्रश्न अवघड आहे, म्हणूनच त्यावर पीएचडी होऊ शकते.

काही जण पाचट आणि बगॅस एकच समजतात. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. ती खरोखर फडातच जाळली जातात. जळगावकडे घड कापल्यावर उरणारं केळीचं खोडही तसंच, शेतकऱ्याला नकोसं. 'टाकाऊ' हा शब्द तिथे शोभतो.

दरवर्षी नवं पोतं आणणं

बगॅस ही रसायनाची बाटली नव्हे. को ८६०३२ ही एकच जात घेतली तरी आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीडेक वर्षाच्या) उसाचा बगॅस आणि खोडव्याचा (तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाचा) बगॅस वेगळा. हातानं तोडलेल्या उसापेक्षा यंत्रानं तोडलेल्या उसाबरोबर माती, पाला जास्त येतो आणि राखेचा आकडा बदलतो. मग बगॅसमधल्या सेल्युलोजपासून (तंतूंचा मुख्य घटक) केलेली पहिल्या वर्षीची फिल्म चांगली, दुसऱ्या वर्षीची ठिसूळ, आणि दोष मात्र ती लवचीक करायला घातलेल्या ग्लिसरॉलला! सगळ्या पीएचडीला पुरेल इतका माल एकाच दिवशी, एकाच ढिगातून घ्या. वाळवून, दळून, चाळून, नीट मिसळून ठेवा. पिशवीवर तारीख, कारखाना आणि कळलं तर उसाचा हंगाम लिहा. पेनानं नको, मार्करनं. पेनाची शाई पावसाळ्यात उडते.

दळण्याआधी पिथ म्हणजे आतला भुसभुशीत भाग चाळून वेगळा काढायचा की नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. कागद गिरण्या तो काढतात. तुम्ही ठेवलात तरी चालेल, पण अर्ध्या बॅचमध्ये ठेवून अर्ध्यात काढू नका.

जास्त उतारा आला म्हणून खूश होणं

बगॅसमध्ये सेल्युलोज ४० ते ५० टक्के असतं. बाकी बहुतेक हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारे पदार्थ. मग १०० ग्रॅम कोरड्या बगॅसमधून अल्कली आणि ब्लीचिंगनंतर ६० ग्रॅम 'शुद्ध सेल्युलोज' कसं येईल? आलं असेल तर ते शुद्ध नाही, नाहीतर नीट वाळलेलं नाही. हा हिशेब पेन्सिलनं होतो, कुठल्याही मशीनची गरज नाही, तरी थीसिसमध्ये असे आकडे दिसतात.

घटकांचं प्रमाण काढताना आधी पाणी आणि अल्कोहोलनं एक्स्ट्रॅक्टिव्ह (त्यांत विरघळून निघणारे साखर, मेण असे पदार्थ) काढून टाका. ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात न विरघळलेलं सगळं लिग्निन म्हणून लिहू नका. त्यात राखही असते. ५७५ अंशांना मफल फर्नेसमध्ये जाळा, राख वजा करा. मातकट बगॅसमध्ये हा फरक चांगलाच दिसतो.

एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांनी रासायनिक गट ओळखायची चाचणी) १६४०च्या आसपासचं शिखर बघून 'लिग्निन शिल्लक आहे' म्हणणारे बरेच भेटतात. ते बहुतेक वेळा शोषलेल्या पाण्याचं असतं. लिग्निनसाठी १५१०च्या आसपास बघा, हेमिसेल्युलोजसाठी १७३०.

एक्सआरडीत, म्हणजे सेल्युलोज किती स्फटिकी आहे हे क्ष-किरणांनी बघायच्या चाचणीत, फसगत वेगळी. सीगलचं १९५९चं सूत्र सोपं आहे: २२.५ अंशांच्या शिखराच्या उंचीतून १८ अंशांजवळची उंची वजा करायची आणि शिखराच्या उंचीनं भागायचं. पण ते सेल्युलोज-१ साठी, म्हणजे सेल्युलोजच्या नैसर्गिक स्फटिकरचनेसाठी आहे. चार-पाच टक्के कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइड) काही बिघडत नाही. अल्फा सेल्युलोज काढताना वापरतात त्या १७.५ टक्के कॉस्टिकमधून नमुना गेला असेल, तर रचना बदलून तो सेल्युलोज-२ होतो. शिखरं १२, २० आणि २२ अंशांजवळ सरकतात आणि सूत्रातून येणारा आकडा निरर्थक ठरतो. आधी आलेख डोळ्यांनी बघा, मग एक्सेल उघडा.

गढूळ पाणी सिंकमध्ये ओतणं

ही चूक मी स्वतः केली, तीही तीनदा. नॅनोक्रिस्टलसाठी (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक) ६४ टक्के सल्फ्युरिक आम्ल, ४५ अंश, पाऊण तास. मग दहापट थंड पाण्यात ओतून क्रिया थांबवायची आणि सेंट्रिफ्यूजवर धूत राहायचं. पहिल्या एक-दोन धुण्यांत वरचं पाणी स्वच्छ येतं, ते ओतून देतो. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला ते दुधट दिसायला लागतं. मला वाटलं, घाण निघतेय. आणखी धुतलं, आणखी ओतलं. शेवटी ट्यूबच्या तळाशी चिमूटभर राखाडी गाळ. गाइड मॅडमनी विचारलं, ‘‘अगं, वरचं पाणी कुठंय?’’ ते दुधट पाणी म्हणजेच माझे नॅनोक्रिस्टल होते. आम्ल कमी झालं की कणांवरच्या सल्फेट गटांचा ऋणभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि ते पाण्यात तरंगत राहतात. वरचं पाणी गढूळ झालं की धुणं थांबवा, सगळं डायलिसिस ट्यूबमध्ये (आम्ल बाहेर जाऊ देणारी, कण आत ठेवणारी पातळ नळी) भरा आणि बाहेरच्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत पाणी बदलत राहा. काही दिवस जातात, जाऊ द्या.

मिळालेलं सस्पेन्शन ओव्हनमध्ये वाळवून 'नंतर पाण्यात कालवू' असंही करू नका. वाळताना तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. ओलंच फ्रिजमध्ये ठेवा.

ब्लीचिंगबद्दल एवढंच: सोडियम क्लोराईट आणि ॲसेटिक आम्ल एकत्र आले की क्लोरीन डायऑक्साइड हा विषारी वायू निघतो. फ्यूम हूड बंद असेल तर त्या दिवशी दुसरं काम करा. फ्लास्कला घट्ट बूच कधीच लावू नका.

जुलैची फिल्म, डिसेंबरचा आकडा

सेल्युलोजच्या किंवा स्टार्चमिश्रित फिल्ममध्ये हवेतलं पाणी शिरतं आणि ती मऊ पडते. पावसाळ्यात तीच फिल्म दुप्पट ताणली जाईल, हिवाळ्यात काच फुटावी तशी तुटेल. चाचणीआधी २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत किमान ४० तास ठेवा. ह्युमिडिटी चेंबर नसेल तर डेसिकेटरमध्ये मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा, आत साधारण ५३ टक्के आर्द्रता टिकते. पन्नास नाही, पण दरवेळी तीच. थीसिसमध्ये तसं लिहा. जाडी एकाच जागी मोजू नका, पाच ठिकाणी मोजा. फिल्म ओतलेली पेट्रीडिश जरा तिरकी असली की एक कड जाड होते.

त्यानंतर येते फिल्म मातीत पुरून बघायची चाचणी, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, बहुतेकदा नकळत. फिल्म कुंडीत पुरली, महिन्यानं काढली, वजन ३० टक्के घटलं, म्हणून '३० टक्के जैवविघटन' असं लिहिलं. पण फिल्ममध्ये ३० टक्के ग्लिसरॉल होतं ना? ते मातीतल्या पाण्यात आपोआप विरघळून गेलं. जिवाणूंनी काही केलं की नाही, हे यातून कळतच नाही. तशीच फिल्म डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर बुडवून, वाळवून वजन करा. तिथेही तेवढीच घट आली तर 'जैवविघटन' हा शब्द खोडा आणि 'वजनातील घट' लिहा. खरं विघटन मोजायचं तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. आयएसओ १४८५५ या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकामध्ये ते ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये मोजतात. त्या निकालावरून आपल्या अंगणातल्या खड्ड्याबद्दल, किंवा समुद्राबद्दल तर अजिबातच, काही म्हणू नका.

पेटंट घ्यायचं मनात असेल तर पोस्टर आणि पेपरच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा. मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. उलट क्रमानं गेलात तर तुमचाच पेपर तुमच्या पेटंटच्या आड येतो.

आणि पहिल्या दिवशी मिसळलेल्या त्या मालातला एक किलो हवाबंद डब्यात वेगळा काढून ठेवा, व्हायवा होईपर्यंत त्याला हात लावू नका. चौथ्या वर्षी एका रिव्ह्यूअरनं मला कच्च्या बगॅसमधल्या सिलिकाचं प्रमाण विचारलं. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या बोर्नव्हिटाच्या बरणीत, माझ्याकडे तो होता.