मॅच अर्ध्यावर सोडणारे आणि मी हाकललेला एक नवखा

पाच विरुद्ध पाच अशा एका ऑनलाइन टीम गेमच्या सर्व्हरवर मॉडरेटर, म्हणजे नियम सांभाळणारा, झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तक्रारींचा ढीग साचला. 'हा मॅच सोडून पळाला, याला बॅन करा.' मीही करत सुटलो. तीन मॅच सोडल्या की एक दिवस बाहेर.

मग एका बॅन झालेल्या मुलाचा मेसेज आला. 'मॅच चाळीस मिनिटं चालते हे माहीत नव्हतं. दहा मिनिटांत संपेल म्हणून बसलो होतो.' लॉग, म्हणजे सर्व्हरवरची त्याच्या खेळाची नोंद, काढला. खातं दोन दिवसांचं, एकूण मॅच चार, सोडलेल्या तीन, तिन्ही बाराव्या-पंधराव्या मिनिटाला. एकीत तर त्याची टीम चांगली पुढे होती. मॅच किती वेळ चालते, हे आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं! बॅन उठवला, माफी मागितली. तो परत काही दिसला नाही.

तेव्हापासून मी लॉग आधी बघतो, तक्रार नंतर वाचतो. तक्रार करणारा नुकताच हरलेला असतो, त्याला सगळेच पळपुटे दिसतात. खेळाडू कितव्या मिनिटाला गेला, तेव्हा स्कोअर काय होता, परत जोडून घ्यायची धडपड केली का, एवढं बघा. नेट गेलेला दोन-तीनदा परत यायला बघतो. चिडून गेलेला दुसऱ्याच मिनिटाला नव्या मॅचच्या रांगेत उभा असतो. मोबाईलवर मध्येच फोन आला तरी कनेक्शन तुटू शकतं, तेही ध्यानात असू द्या.

शिक्षा चढती ठेवा. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये स्पर्धात्मक मॅच सोडली की आधी 30 मिनिटं बंदी, मग 2 तास, 24 तास, शेवटी 7 दिवस. नीट वागलात तर पायरी खालीही येते. मला ते खाली येणं जास्त पटतं. डोटा 2 हा गेम अशांना वेगळ्या रांगेत टाकतो आणि ठरावीक मॅच जिंकल्याशिवाय सोडत नाही. छोट्या सर्व्हरनं त्या वाटेला जाऊ नये. आम्ही गेलो होतो. दोघं जण तासभर उरलेल्या आठांची वाट बघत बसले.

खरी भरपाई हवी असते ती मागे राहिलेल्या चौघांना. लीग ऑफ लेजेंड्स या गेममध्ये सुरुवातीलाच कुणी गायब असेल, तर थोड्या वेळानं मतदानानं मॅच रद्द करता येते. तशी सोय आम्ही केली आणि तक्रारी निम्म्यावर आल्या नसल्या, तरी त्यातल्या शिव्या कमी झाल्या. हार मानायचं बटणही समोर आणलं. ते मेनूत दडलेलं असायचं तेव्हा लोक सरळ गेमच बंद करायचे.

नवख्यांच्या पहिल्या दहा मॅचना आता शिक्षा नाही, रँकही नाही. मॅच सोडली की फक्त मेसेज जातो. पूर्वी त्यात 'नियमभंगाची नोंद घेण्यात आली आहे' असं होतं, कोर्टाच्या नोटिशीसारखं. आता असतं: 'चाळीस मिनिटं हाताशी असतील तेव्हा रांगेत या. वेळ कमी असेल तर सरावाची छोटी मॅच आहे.'

याचा फायदा उठवणारे निघालेच. दहा मॅच झाल्या की नवं खातं! पण पहिल्याच मॅचमध्ये शिरल्या शिरल्या सगळी बटणं आपल्या सवयीनं लावून घेणारा नवखा कसा असेल? तेवढ्यावर सात जण सापडले. आठवा बटणांना हातच लावत नाही, त्याच्या मागावर अजून आहे.