चवथीआधीची तयारी: कुठली व्हीएम कुठल्या होस्टवर

चवथीच्या आदल्या आठवड्यात घरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या, सामानाची यादी निघते आणि ऑफिसात माझी. घरच्या यादीतलं काही राहिलं तर म्हापशाच्या बाजारात धावत जाता येतं. ऑफिसातलं राहिलं तर दीड दिवसाचं विसर्जन होईपर्यंत पणजीत हाक मारायलाही कोणी सापडत नाही. एका वर्षी माझं राहिलंच होतं. व्हीएमवेअरचा चार होस्टचा क्लस्टर, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवणारे चार सर्व्हर एकत्र जोडलेले. त्यात दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या व्हीएम, आणि दोन्ही एकाच होस्टवर जाऊन बसलेले. लोड सारखा करताना डीआरएसने, म्हणजे व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर आपोआप हलवणाऱ्या सोयीने, त्यांना तिथं नेलं होतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, या दोघांना वेगळं ठेव असं त्याला मी सांगितलंच नव्हतं. ऐन चवथीच्या सकाळी तो होस्ट गेला. एचएने (होस्ट गेला की त्याच्यावरच्या व्हीएम दुसरीकडे उठवणाऱ्या सोयीने) दोन्ही मशीन दुसरीकडे चालू केली खरी, पण मधल्या वेळात कोणाचं लॉगिन होईना आणि मी आरती सोडून फोन कानाला लावून अंगणात.

तेव्हापासून यादी कागदावरच सुरू करतो, व्हीसेंटर (सगळा क्लस्टर सांभाळायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी. कुठला होस्ट कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या यूपीएसवर, कुठल्या स्विचला, कुठल्या स्टोरेजवर हे आधी हाताने काढायचं. दोन व्हीएम दोन होस्टवर ठेवल्या, पण दोन्ही होस्ट एकाच यूपीएसवर असतील तर ते वेगळेपण नावापुरतंच. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते-येते ते मी सांगायला नको. मे २०२१ च्या तौक्तेनंतर कितीतरी गावं दिवस-दिवस अंधारात होती. म्हणून होस्टचे ग्रुप मी रॅक आणि यूपीएस बघून पाडतो. आणि दोन्ही व्हीएमच्या डिस्क एकाच डेटास्टोअरवर (स्टोरेजच्या एकाच जागेत) असतील तर होस्ट वेगळे करून अर्धंच काम झालं, तेही तपासून घ्यायचं.

मग व्हीएमचे ग्रुप. नाव असं द्यावं की मध्यरात्री दुसऱ्यालाही कळेल: ‘डोमेन-कंट्रोलर’, ‘रॅक-अ-होस्ट’. ‘टेस्ट-ग्रुप-२’ नावाचा ग्रुप मला वारशात मिळाला होता. त्यात काय आहे आणि का आहे हे शोधण्यात एक दुपार गेली. व्हीएम क्लस्टरमधून काढून परत आणली तर ग्रुपमधलं तिचं सदस्यत्व जातं, ते आपोआप परत येत नाही. वर्षभरात कोणी काय हलवलं ते आठवून प्रत्येक ग्रुप उघडून बघायचा.

आता नियम. वेगळं कोणी राहायचं ते आधी ठरवा: दोन डोमेन कंट्रोलर, डेटाबेसची जोडी, लोड बॅलन्सरची जोडी. यांना अँटी-अफिनिटी, म्हणजे एका होस्टवर न बसण्याचा नियम. एकत्र ठेवण्याचा मोह मात्र आवरा. अॅप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस सतत बोलत असतील तर एका होस्टवर ठेवण्यात फायदा आहे, पण असे नियम वाढले की डीआरएसला हालचालीला जागाच उरत नाही. दोन नियमांची टक्कर झाली तर जुना टिकतो आणि नवा बंद पडतो, म्हणून नियम केल्यावर तो खरंच चालू आहे ना ते यादीत परत बघावं.

सगळ्यात जास्त विचार ‘मस्ट’ (असंच हवं) आणि ‘शुड’ (जमलं तर असं) यांच्यात करावा. अमुक व्हीएम अमुक होस्ट ग्रुपवरच, असा ‘मस्ट’ लावला की एचएसुद्धा तो मोडत नाही. त्या ग्रुपमधले दोन्ही होस्ट एका रॅकमध्ये असतील आणि रॅकची वीज गेली, तर बाकीचे दोन होस्ट रिकामे असले तरी ती व्हीएम उठणार नाही. माझ्याकडे ‘मस्ट’ एकाच ठिकाणी आहे: ज्या डेटाबेसचं लायसन्स होस्टच्या कोअरवर मोजलं जातं तिथं. तोही नियम विक्रेत्याला मान्य आहे का, हे लेखी विचारून घेतलेलं बरं. बाकी सगळीकडे ‘शुड’.

मग हिशेब. तीन होस्टवर तीन व्हीएम एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या तर एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी रिकामा करून बाजूला, टाकताना त्याच्यावरची व्हीएम जाणार कुठं? प्रोग्रेस बार एका आकड्यावर अडून बसतो आणि आपण नेटवर्कला शिव्या देत राहतो. वेगळ्या ठेवायच्या व्हीएमपेक्षा किमान एक होस्ट जास्त हवा, आणि एक होस्ट गेल्यावर उरलेल्यांत सगळ्यांना पुरेल एवढी मेमरीही.

व्हीसेंटर स्वतः व्हीएम असेल तर त्याला ‘शुड’ने दोन ठराविक होस्टशी बांधा. सगळं बंद पडल्यावर चार होस्टवर एकेक लॉगिन करून त्याला शोधत बसायला नको. त्या दोन होस्टचे आयपी कागदावर, कारण नावावरून आयपी सांगणारं डीएनएसही तेव्हा झोपलेलं असतं.

डीआरएस मॅन्युअल मोडवर असेल तर तो फक्त सल्ला देतो, हलवत काही नाही. तो मोड तपासा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ पासून डीआरएस दर मिनिटाला क्लस्टर बघतो, आधी पाच मिनिटांनी बघायचा.

व्हीएमवेअर नसेल तरी ही यादी चालते, फक्त नावं बदलतात. प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ९ पासून एचए ग्रुपच्या जागी अफिनिटीचे नियम आलेत. ओपनस्टॅकमध्ये सर्व्हर ग्रुप व्हीएम तयार करतानाच द्यावा लागतो, त्यामुळे तिथं हा विचार आधीच झालेला हवा. हायपर-व्हीचा अँटी-अफिनिटी नियम मुळात मवाळ आहे, जागा कमी पडली की दोघांना एकत्र बसवतो.

शेवटी तालीम, सुट्टीच्या चार दिवस आधी, दुपारी, सगळे ऑफिसात असताना. एकेक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा, व्हीएम कुठं गेल्या ते लिहायचं, होस्ट परत आणल्यावर दोन्ही डोमेन कंट्रोलर वेगळे झाले ना ते बघायचं. आदल्या संध्याकाळी मात्र कशालाही हात लावायचा नाही. कागदाची एक प्रत सर्व्हर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि दुसरी, गणपती न बसवणाऱ्या आणि म्हणून पणजीतच असणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात द्यायची. चवथीनंतर त्याच्या घरी नेवऱ्यांचा डबा पोचवायचं कामही याच यादीत लिहिलेलं आहे.